आठवीचा दाखला

मार्च लागला की आमच्या कुवेतमधल्या महबूल्याच्या इमारतीत मुलं जिन्यात येऊन बसतात. घरं लहान, घरात टीव्ही, धाकटी भावंडं, रात्रपाळी करून झोपलेले बाप. जिन्याच्या पायऱ्या मात्र संगमरवरी आणि गार. दर तीन-चार पायऱ्यांवर एक पुस्तक, एक पाण्याची बाटली आणि डोळे मिटून पुटपुटणारं एक तोंड. लिफ्ट बंद असली की या सगळ्यांना ओलांडत वर चढावं लागतं. बाहेर तोवर पहिली धूळ उठलेली असते. समुद्र इतका जवळ असून दिसत नाही. हवा कोमट, आणि जिन्याला खोडरबरासारखा वास.

परवा चौथ्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या मुलीने मला अडवलं. "अंकल, माझी उत्तरं ऐकता? पाचच मिनिटं."

"मी कुणाचं ऐकत नाही," मी म्हटलं.

तिला तो विनोद वाटला. ती हसली आणि पुन्हा पुटपुटायला लागली. घरात आलो तर बायको दारातच उभी. "ऐकलं असतंत तर काय बिघडलं असतं? तुमचा घसा बसणार होता?" एवढ्या वर्षांत या प्रश्नाला मी उत्तर दिलेलं नाही. आज लिहितोय.

मी एकदा शिकवलं आहे. एकाच वर्षी. तेव्हा आम्ही मंगफला राहत होतो आणि फहाहीलच्या बाजारात माझं पडद्याच्या कापडाचं दुकान होतं. नव्वद सालच्या जुलैत बायको मुलांना घेऊन सुटीला संगमेश्वरला गेली आणि ऑगस्टच्या दुसऱ्या तारखेला सकाळी रस्त्यावर इराकी रणगाडे होते. बायको-मुलं तिकडे सुखरूप होती, हे माझं नशीब. मी इकडे राहिलो. लोक जॉर्डनमार्गे निघून चालले होते. मी म्हटलं, शून्यातून उभं केलेलं दुकान कुणा शिपायाच्या हवाली करून जाणार नाही. शिपायांनी ते सप्टेंबरातच रिकामं केलं. मखमलीचे चार तागे तेवढे घरी आणून ठेवले होते, ते वाचले. मग मी खिडक्यांना ती मखमल लावली आणि आत बसून राहिलो. मरून रंगाच्या अंधारात. इतका उंची अंधार मंगफमध्ये दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

खुबूसच्या भट्टीपुढे पहाटेपासून रांग लागायची. ऑक्टोबरात एके दिवशी माझ्या पुढच्या बाईशी भट्टीवाल्याची बाचाबाची झाली. घरटी किती रोट्या यावरून. बाईला अरबी धड येत नव्हतं. ती मागे वळली आणि स्वतःशीच भट्टीवाल्याच्या आईबद्दल काहीतरी बोलली. ते स्पॅनिश होतं. मी स्पॅनिशमध्ये म्हटलं, "सिन्योरा, त्याची आई वारलीय. त्याच्या काकाबद्दल बोला."

ती इतकी दचकली की हातातली पिशवी पडली. मग रांगेत उभी राहून हसायला लागली, आणि हसताहसता रडायला.

मला स्पॅनिश येतं ते लास पाल्मास या स्पॅनिश बंदरामुळे. नववीत शाळा सोडून मी मुंबईला कापडाच्या दुकानात लागलो. तिथून एका सिंधी शेठने मला कॅनरी बेटांवरच्या त्याच्या दुकानात नेलं. सहा वर्षं मी तिथे खलाशांना आणि पर्यटकांना टेबलक्लॉथ, घड्याळं, रेडिओ विकले. माझं स्पॅनिश गल्ल्यावरचं आहे. स्वस्त, महाग, शेवटचा भाव, उद्या या, असा माल दुसरीकडे मिळाला तर पैसे परत. दुःखाला काय म्हणतात ते मला त्या भाषेत येत नव्हतं, आणि त्या वर्षी त्याचीच गरज पडत होती.

सिन्योरा चिलीची. नवरा युसुफ पॅलेस्टिनी. लहानपणी आईबापांबरोबर चिलीला गेलेला, तिथेच वाढलेला, आणि एकोणनव्वदमध्ये भावाच्या सांगण्यावरून कुवेतला आलेला पंप-मेकॅनिक. दोन मुली. मोठी सलमा तेरा वर्षांची, धाकटी नूर सात. आमच्याच गल्लीत, तिसऱ्या इमारतीत. सलमा एका हिंदुस्थानी लोकांनी चालवलेल्या इंग्रजी शाळेत सातवी कशीबशी पास झाली होती. घरात स्पॅनिश, रस्त्यावर अरबी, शाळेत इंग्रजी. तिच्या तोंडात तिन्ही अर्धवट शिजलेल्या. आता शाळेत शिपाई राहायला आले होते आणि बाकं अंगणात जाळून चहा करत होते.

"दोन सुरेश," सिन्योरा म्हणाली, कारण त्यांच्यात मान द्यायचा असला की नावाआधी 'दोन' लावतात, "तुम्हाला दोन्ही भाषा येतात. पोरीचं वर्ष फुकट जातंय."

पुढे बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दोन सुरेश? इथे एक झेपत नाही."

मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला माहीत नाही. माझ्या आयुष्यात मी फुकट काही दिलेलं नाही आणि घेतलेलंही नाही. पण घरात बसून मखमलीकडे किती बघणार?

शाळा आमच्या इमारतीच्या जिन्यात भरायची. तळमजला आणि पहिला मजला यांच्या मधला भाग. तिथे खिडकी नव्हती, म्हणून काचा फुटायची भीती नव्हती. सकाळी नऊ ते बारा. वह्या नव्हत्या. माझ्याकडे दुकानाची बिलबुकं होती, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर सलमा लिहायची. पुढच्या बाजूला माझ्या दुकानाचं नाव, मागे तिची क्रियापदं.

मला व्याकरण येत नव्हतं. मला बाजार येत होता. म्हणून मी नूरला गिऱ्हाईक केलं आणि सलमाला दुकानदार. मी वाक्य स्पॅनिशमध्ये सांगायचो, ती इंग्रजीत विकायची. नूरला काही कळत नसे, पण ती प्रत्येक भावाला "महाग!" म्हणून ओरडायची आणि जिना दणाणायचा. माझं इंग्रजी व्यापारी पत्रांचं. त्यामुळे सलमाच्या पहिल्या निबंधाची सुरुवात अशी होती: माझ्या माननीय आजीच्या संदर्भात कळविण्यात येते की, ती मक्याचं सूप फार उत्तम करते. तरी कृपया नोंद घ्यावी.

हमीदभाई वरच्या मजल्यावर राहायचे. राजापूरकडचे, शिंपी, बायको-पोरं गावाला. ते जिन्यातून उतरताना रोज थांबायचे. "काय शेट, शिकवणीवर्ग काय? मला पण बसवा. माझी तिसरी राहिलीय."

"फी परवडायची नाही तुम्हाला."

"ह्यांना परवडते?"

"ह्यांना उधारी आहे."

"अल्ला, सुरेश शेट उधारी देतोय!" ते वर बघून म्हणायचे. "आता कयामत आलीच समजा."

जानेवारीत विमानं आली. त्याबद्दल सगळ्यांनी लिहिलं आहे, मी लिहीत नाही. मला त्या दिवसांतलं आठवतं ते एवढंच, की सलमा एकही दिवस चुकली नाही. खाली दारावर तिची एक ठराविक थाप असायची. दोन झटकन आणि एक उशिरा. ती पडली की माझ्या छातीतलं काहीतरी जागेवर यायचं. मी आपल्या मुलांचा अभ्यास कधी घेतला नव्हता. थोरला सहावीत होता हेसुद्धा मला बायकोच्या बोलण्यातून कळलं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी शिपाई गेले आणि जाताना तेलाच्या विहिरी पेटवून गेले. लोक रस्त्यावर नाचले. मीही नाचलो. पण मंगफ तेलाच्या पट्ट्याला लागून. वारा आमच्याकडे वळला की सकाळी अकराला मेणबत्ती लावून शिकवावं लागे. दुपारी गाड्या दिवे लावून जायच्या. वाळत घातलेले शर्ट काळे, मांजर काळं, नाकातला मळ काळा. एकदा पाऊस पडला तर अंगणात तेलाचे डाग. सलमाच्या कागदांवर तिच्या बोटांचे ठसे उठायचे, पोलीस चौकीत घेतात तसे स्वच्छ. सुटका झाली म्हणत होते, आणि सूर्य दिसत नव्हता. लहानपणी आम्हाला शिकवलं होतं की अंधार गेला की उजेड येतो. इथे एक अंधार गेला आणि दुसरा आला. दुसरा तर आपल्या माणसांनी आणल्यासारखा वाटायचा, कारण तक्रार कुणाकडे करायची तेही कळत नव्हतं.

आणि युसुफला काम मिळेना. पॅलेस्टिनी पुढाऱ्यांनी इराकची बाजू घेतली होती, म्हणून त्यांच्या लोकांकडे आता सगळे वेगळ्या नजरेने बघत होते. त्यांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढत नव्हता. गल्लीतली पॅलेस्टिनी घरं एकेक करून रिकामी होत होती; गाद्या, पंखे, सायकली फुटपाथवर विकायला. मी त्यातून एकही वस्तू घेतली नाही. घासाघीस करायला समोर उभा राहिलेला माणूस निदान नाही म्हणू शकणारा असावा.

जूनमध्ये युसुफच्या भावाचा अम्मानहून निरोप आला. तिथल्या एका इंग्रजी शाळेत सलमाला नववीत जागा आहे, पण आठवी झाल्याचा कागद आणा. कागद नसेल तर सरकारी अरबी शाळा. आणि सलमाला अरबी बोलता येत होतं तेवढंच. वाचताना ती पाच वर्षांच्या पोरासारखी बोट फिरवायची. बस अकरा दिवसांनी होती.

"एक कागद," सिन्योरा म्हणाली. "दोन सुरेश, तुम्ही बाजारात काय काय मिळवता. एक कागद."

तेव्हा सलमाच्या शाळेने ऑफिस उघडलं होतं. जळक्या इमारतीत एकच खोली धुऊन घेतलेली. आत रजिस्ट्रारबाई. आपल्याच, मराठी. पन्नाशीच्या, इस्त्रीची सुती साडी. त्या काजळीत साडी पांढरी कशी राहिली होती देव जाणे. मी बुधवारी सकाळी गेलो. बरोबर बिलबुकांचा गठ्ठा घेतला होता, आठ महिन्यांचा.

"हे बिलबुक आहे," बाई म्हणाल्या.

"मागून बघा."

त्यांनी मागून बघितलं. बरंच बघितलं, हे मी मान्य करतो. मग म्हणाल्या, "शिकवलं कुणी?"

"मी."

"तुमचं शिक्षण?"

"नववी."

"नववी पास?"

"सोडली."

त्या हसल्या. आजही मी डोळे मिटले की मला ते हसू दिसतं. कदाचित ते वाईट नसेल. कदाचित काळ्या जून महिन्यात एक कापडवाला मखमल विकायची सोडून भूतकाळ शिकवत बसला याचं कौतुक असेल. पण मी आयुष्यभर त्या हसण्याच्या बाहेर उभा राहिलो आहे. बँकेत, वकिलातीत, मुलाच्या शाळेत. माझं डोकं फिरलं.

"मला दाखला पाहिजे," मी म्हटलं. "आठवी पूर्ण. आणि त्यावर शिकवणारा म्हणून माझं नाव. परीक्षा मी घेतलीय."

"तसं करता येत नाही."

"का नाही? तुमची शाळा बंद होती. माझी चालू होती."

"अहो, आवाज खाली. हे बघा," बाई म्हणाल्या, आणि चष्मा काढला. "इथे राहिलेल्या चार मुलांची येत्या शनिवारी मी परीक्षा घेतेय. इंग्रजी आणि गणित. हिला पाठवा. पास झाली तर नववीला योग्य आहे असं पत्र मी माझ्या सहीने देते. ते कुठेही चालेल. तुमचं नाव नाही घालता येणार. तुम्ही शिक्षक नाही."

व्यापारात एक रीत असते. समोरच्याने भाव खाली आणला, पण तुम्हाला हवा तिथे आणला नाही, तर तुम्ही उठायचं. माल खाली ठेवायचा, नमस्कार करायचा आणि दाराकडे चालू लागायचं. सावकाश. मोठा व्यापारी कधी मागे बघत नाही. उंबऱ्यावर पोचेपर्यंत हाक येते. लास पाल्मासमध्ये आली, मुंबईत आली, इथे कुवेतमध्ये तर अरब दुकानदार हात धरून परत बसवतो आणि वर चहा पाजतो. जो उठत नाही तो फसतो, हे मी चौदाव्या वर्षी शिकलो, आणि त्याच्यावर मी जगलो.

मी गठ्ठा उचलला. "ठीक आहे बाई. राहू द्या," म्हणालो, आणि दाराकडे निघालो. सावकाश.

हाक आली नाही.

मी बाहेर बोळात उभा राहिलो. भिंतीवर कुणा शिपायाने कोळशाने काढलेलं झाड होतं, ते बघत. दहा मिनिटं. आतून त्यांचा आवाज आला, "पुढचे कोण?"

घरी येऊन मी सिन्योराला सांगितलं, बोलणं चालू आहे. बोलावतील. मला खरंच तसं वाटत होतं. एवढा मोठा गठ्ठा बघितल्यावर बाई निरोप पाठवणार, नाव घालायला तयार होणार. घाई दाखवली की भाव पडतो. शुक्रवारी दुपारी सलमा आली. जिन्यातल्या त्याच पायरीवर बसली. म्हणाली, "दोन सुरेश, मी गणित बघून ठेवू का? लागलं तर?"

"काही गरज नाही," मी म्हटलं. "त्यांना येऊ दे आपल्याकडे."

शनिवार गेला. त्या दिवशी वारा उलटा होता आणि आकाश थोडा वेळ निळं होतं. लोक गच्चीवर गेले होते बघायला. मी खाली दारात उभा होतो, निरोप्याची वाट बघत.

रविवारी मी गेलो. बाई कागद आवरत होत्या.

"आली नाही ती," त्या म्हणाल्या. "अकरा वाजेपर्यंत थांबले. एक पेपर बाजूला काढून ठेवला होता तिच्यासाठी."

"आज घ्या. मी आत्ता आणतो तिला. पाच मिनिटांत."

"आज माझी मुंबईची फ्लाइट आहे. पेपर तपासून, सह्या करून पाठवले. पुढची परीक्षा सप्टेंबरात. त्यालाही इकामा लागेल." मग दोरा हातात घेऊन म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा हो का नाही म्हणालात?"

मी काय सांगणार? की मी तुमच्या हाकेची वाट बघत होतो? मी ओरडलो. काय काय बोललो ते आठवत नाही, पण शिकलेल्या माणसांच्या सात पिढ्यांना बोललो. त्या शांतपणे कागदांना दोरा बांधत राहिल्या. बाईंनी एक शब्द टाकला असता, 'अहो' एवढा, तर मी वळलो असतो. त्यांना काय पडलं होतं? एक शब्द! मी त्यांना माफ केलेलं नाही.

बस पहाटे सुटली. युसुफच्या हातात पंखा होता, विकला न गेलेला. सिन्योराने माझे दोन्ही हात धरले आणि स्पॅनिशमध्ये एक लांब वाक्य बोलली, ज्यातले अर्धे शब्द मला येत नव्हते. नूर झोपलेली. सलमा खिडकीतून म्हणाली, "दोन सुरेश, तुम्ही प्रयत्न केलात." इंग्रजीत म्हणाली. बस गेली तरी डिझेलचा वास राहिला. पण त्या वर्षी हवेला नुसता तोच वास होता, म्हणून त्यांच्या बसचा वास केव्हा संपला ते कळलं नाही.

हमीदभाई शेजारी उभे होते. त्या दिवशी त्यांनी चेष्टा केली नाही. "चल शेट," म्हणाले. "चहा टाकतो."

नोव्हेंबरात शेवटची विहीर विझली आणि आकाश परत निळं झालं. बायको-मुलं परत आली. मी दुकान पुन्हा उभं केलं, पहिल्यापेक्षा मोठं. लोक म्हणतात, सुरेशशेटने युद्धातूनही कमावलं. म्हणू देत.

सलमाचं पत्र त्याच थंडीत आलं. अम्मानहून, चांगल्या वळणदार इंग्रजीत. तिला सरकारी शाळेत सहावीत बसवलं होतं. बाकं तिच्यासाठी लहान होती, गुडघे वर यायचे. मास्तर फळ्यावर भरभर लिहायचे आणि ती पहिली ओळ वाचेपर्यंत पुसून टाकायचे. मुली तिला 'खाला' म्हणायच्या, म्हणजे मावशी. आई म्हणते आहे की पुढच्या वर्षी शिवणकाम शिक, नूरचं तरी नीट होऊ दे. शेवटी तिने एक प्रश्न विचारला होता. आईला विचारायचा धीर होत नाही म्हणून मी विचारते, असं लिहून. त्या शाळेतल्या बाईंनी खरंच काहीच देऊ केलं नव्हतं का? एखादी परीक्षासुद्धा नाही?

ते पत्र माझ्या टेबलावर नऊ दिवस होतं. मी चार वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. पाचव्या वेळी लिहिलं: नाही. मी परीक्षा घ्या म्हणून फार मागे लागलो. त्यांनी नकार दिला.

महिन्याभराने तिचं उत्तर आलं, एका बाजूचं, लहान. त्यानंतर तिचं पत्र कधी आलं नाही. त्यात लिहिलं होतं की मला वाटलं होतं आपल्याच हातून काही राहिलं असेल, पण आता मन मोकळं झालं. मी तुमच्यावर मुळीच रागावलेली नाही, दोन सुरेश. मी त्या बाईवर रागावले आहे, आणि जन्मभर राहीन.

तेव्हापासून त्या बाईवर रागावणारे आम्ही दोघं आहोत.